तिचा ‘काय शे’ माझ्या हातून चालत नाही

आधीच सांगून ठेवतो. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचतो आणि निम्म्यांवर हसतो. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... मी उभं आयुष्य डाळमिलमध्ये काढलं, रात्रपाळ्या केल्या, गोदामात पोत्यांवर एकटा झोपलो. मला कधी काही दिसलं नाही. देवाला हात जोडतो तेही सवयीनं. शिक्षण चौथी. लिहिताना हात कापतो म्हणून हे मोबाइलला बोलून सांगतोय, तो लिहितोय. त्याचं काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, घरच्या माणसांसमोर घडलं, आणि मी दारू पीत नाही.

जागा सांगतो. जळगाव, एमआयडीसीच्या मागची आमची कॉलनी. दोन खोल्या, पुढे ओटा. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. माझी बायको वत्सला मागच्या दिवाळीच्या तोंडावर वारली. किडनीचं होतं. त्याच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

कॉम्प्युटर मुलानं दिलेला — प्रवीण, पुण्याला असतो. त्याचा जुना होता. आईला भजनं ऐकायला, फोटो बघायला. तर काय झालं, माउसची वायर उंदरानं कुरतडली. दुसरा माउस आणला, त्याचीही कुरतडली. हसा तुम्ही, पण खरं आहे. मग प्रवीण फोनवर म्हणाला, “आई, माउस नसला तरी अडत नाही. काळी खिडकी उघडायची, शब्द टाइप करायचा, एन्टर मारायचा. सांगशील ते करेल.”

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळा पडदा असतो, त्यावर एक रेघ उघडझाप करते. चित्र नाही, बटण नाही. तुम्ही टाइप केलेला शब्द त्याला ठाऊक असला तर काम होतं. ठाऊक नसला तर इंग्रजीत लिहून येतं, कमांड नॉट फाउंड. म्हणजे असा हुकूम मला सापडत नाही. बस. गोड बोलणं वगैरे काही नाही.

आता सातवी शिकलेल्या बाईला हे कोण शिकवणार? तर तारवाले नाना. दोन घरं सोडून राहायचे. तार ऑफिसातून रिटायर, बायको कधीचीच गेलेली. सगळी नोकरी बोटांनी कट्ट-कट्ट करण्यात घातलेला माणूस, त्याला काळी खिडकी म्हणजे परत नोकरी लागल्यासारखं झालं. वरून वत्सलाच्याच भागातला, शिंदखेड्याकडचा. तिला अक्का म्हणायचा. अक्का म्हणायचा म्हणून काय झालं?

हे बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो. मी रावेरकडचा. आमच्या घरात ‘हाये’ म्हणतात. ती लग्न होऊन आली तेव्हा ‘आहे’ला माहेरच्या बोलीत ‘शे’ म्हणायची. काय शे, कुठे शे, बठ्ठं शे, म्हणजे सगळं आहे. घरातली माणसं हसली, तिनं सोडून दिलं. त्यात विशेष काही नाही, सगळ्याच बायका सोडतात. उभ्या संसारात माझ्याशी ती कधी ‘शे’ बोलली नाही. आणि नाना आला की पुढच्या खोलीतून ऐकू यायचं — “अक्का, काय शे ते इचारी ले त्याले.” आणि ही हसायची.

झालं असं होतं की त्या मशीनला आपले शब्द शिकवता येतात. कॉम्प्युटरमध्ये काय-काय आहे ते बघायचा त्याचा मूळ शब्द वेगळा, इंग्रजी. या दोघांनी प्रवीणला विचारून त्याला नवा शब्द शिकवला, ‘kayshe’. काय शे! टाइप केलं की फोटोंची, भजनांची नावं ओळीनं खाली उतरायची. पेनड्राइव्हवरून फोटो आणायचा तर ‘laiye’. लई ये, म्हणजे घेऊन ये.

बंद करायचा शब्द शोधताना तर कहर झाला. आपण घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. त्यांच्या बोलीत ‘येस’. हिनं ते तसंच इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, yes. तर तो शब्द मशीनला आधीच ठाऊक निघाला. पडदाभर वाय, वाय, वाय, वाय... थांबेचना. नाना सांगत होता कोणती दोन बटणं एकदम दाबायची, आणि हिला हसण्यानं ती सापडेनात. मी ओट्यावर पेपर धरून बसलो होतो. आत गेलो.

“काय करून राह्यले दोघं?”

“काही नाही, फोटो लावते.”

“एवढं हसायला फोटोत काय हाये?”

“तुमचाच फोटो हाये,” ती म्हणाली.

बघा. मला ‘हाये’. नंतर त्यांनी ‘yes’ला बंद करण्याचं काम शिकवलं. संध्याकाळी ती ही तीन अक्षरं टाइप करायची, पडदा विझायचा आणि ती स्वयंपाकाला उठायची. माझ्याशी एवढ्या प्रेमानं निरोप घेऊन ती कधी कुठे गेली नाही.

ती गेल्यावर संक्रांतीला प्रवीण आला. म्हणाला, “आबा, कॉम्प्युटर स्लो झालाय. कोरा करून देतो. नवीन माउसही आणलाय, बिनवायरचा.” फोटो, भजनं त्यानं काढून ठेवली, सगळं पुसलं, नवं भरलं, फोटो परत टाकले. मी बाजारात गेलो होतो. तो पुण्याला गेल्यावर एका दुपारी मी काळी खिडकी उघडली. कशाला विचारू नका. उघडली. शोधून-शोधून अक्षरं दाबली, kay, मग जागा सोडून she. शाळेत दोन शब्द वेगळे लिहायला शिकलो ना. सापडत नाही म्हणाला. मग जोडून लिहिलं. तरी सापडत नाही. प्रवीणला फोन लावला.

“आबा, आईनं शिकवलेले शब्द गेले. कोरं केलं ना मी.”

“मला विचारायचं होतं.”

“तुम्हाला कुठे लागतात ते शब्द?”

मी फोन ठेवला.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. ती गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणून तिच्या नावाची घागर भरायची होती. प्रवीण आणि सून आले. मांडे, आंबरस केला. नानाला जेवायला बोलावलं. मी नाही, सुनेनं बोलावलं. जेवण झालं. नाना हात पुसत पुढच्या खोलीत गेला, टेबलासमोर बसला, काळी खिडकी उघडली आणि सवयीनं टाइप केलं. kayshe. एन्टर.

फोटोंची नावं ओळीनं खाली उतरली.

प्रवीणच्या हातात सुपारी होती. तो म्हणाला, “नाना, तुम्ही परत शिकवलंत का याला?”

“मी आज बसतोय, बाळा. अक्का गेल्यापासून या खोलीत आलो नाही.”

खरं होतं. मीच येऊ दिलं नव्हतं.

प्रवीण खुर्चीवर बसला. शिकवलेले शब्द जिथे लिहिलेले असतात ती जागा त्यानं उघडून पाहिली. त्यात kayshe नाही, laiye नाही, काही नाही. त्यानं स्वतः टाइप केलं. सापडत नाही. मी टाइप केलं. सापडत नाही. सुनेनं केलं, तेच. नानानं केलं... यादी हजर. प्रवीणनं अक्षरं मोजली, बटणं तपासली, कीबोर्ड उपटून त्याच्या बॅगेतला लावला. नाना, यादी. आम्ही, सापडत नाही. शेवटी नानानं माझी बोटं धरली आणि आपल्या हातानं एकेका अक्षरावर दाबली. बटण दाबणारं बोट माझं, जोर त्याचा. सापडत नाही म्हणाला. माणूस कोण हे त्या पेटीला कसं कळलं?

नंतर नाना म्हणाला, “बंद करू?” आणि y, e, s. प्रवीण म्हणाला, “थांबा नाना, आता वाय-वाय सुरू होईल, तो शब्दही गेलाय.” काही सुरू झालं नाही. पडदा शांतपणे विझला. मशीन परत चालू करून मी तेच दाबलं, तर पडदाभर वाय.

सून देव्हाऱ्याकडे जाऊन बसली. मला भीती वाटली नाही. मला राग आला. खरं तेच सांगतो. बायको मेल्यावर बोलली, हे डोक्यात मागाहून आलं. आधी हे आलं की त्याच्याशी बोलली.

त्यानंतर मी काय केलं, तर नानाला रोज बोलवायला लागलो. हो, मीच. दुपारी जेवण झालं की हाक मारायची, “नाना, या.” तो यायचा, टाइप करायचा, नावं उतरायची. मी शेजारी स्टुलावर. तो काहीबाही पुटपुटायचा तिच्या भाषेत, मला निम्मं कळायचं. त्याच्यासाठी चहा ठेवायचो आणि मुद्दाम साखर कमी घालायचो. तो काही न बोलता प्यायचा, त्याचाही राग यायचा. एकदा विचारलं, “नाना, आमच्या घरात दुसरं कोणी नाही का दिसत हिला?”

“मला काय माहीत भाऊ. मी तर फक्त बोटं चालवतो.”

“तेच तर.”

पावसाळा संपता-संपता नानाच्या मुलीनं त्याला धुळ्याला न्यायचं ठरवलं. देवपुरात तिचं घर आहे. पाय सुजत होते, एकटं राहणं जमेना. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा तो माझ्याकडे आला. बसला नाही, दाराला धरून उभा राहिला.

“भाऊ, एक मागू? तो कॉम्प्युटर मला द्या. इथे मुका पडून राहील. तुम्ही या ना धुळ्याला, एसटीला काय तोटा आहे. आपण दोघं बघत बसू.”

“नाना, तुमच्याकडे ती बोलते. माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय. माझ्या घरात गप्प बसली तरी चालेल.”

नाना म्हणाला, “तिले इचारी तर पहा.”

“तुम्ही विचारल्यावर ती तुमच्याच बाजूनं बोलणार.”

तो हसला. मी नाही हसलो. टेम्पो गेला.

प्रवीण म्हणतो असं होऊच शकत नाही, आणि झालेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या ऑफिसातल्या पोरांना विचारलं, ते म्हणतात म्हाताऱ्यानं काहीतरी केलं असेल. मी नानाच्या बोटांवरून नजर हलवली नव्हती, पापणीसुद्धा लववली नव्हती. माझ्याइतकं त्या बोटांकडे कोणी बघितलं नसेल. कोणाला काही सुचत असेल तर लिहा. पण देवाधर्माचं काही सांगू नका, आणि मशीन विकून टाका असं तर मुळीच नको.

मी रोज दुपारी बसतो. आता अक्षरं न शोधता सापडतात. kayshe. ती नाही म्हणते. म्हणू दे. नाही म्हणते ते मलाच म्हणते, मध्ये कोणी नसतं.

परवा धुळ्याहून नानाचा फोन आला. तब्येतीचं झालं, पावसाचं झालं, मग आवाज बारीक करून म्हणाला, “भाऊ, काही बोलनी का अक्का?”

मी म्हणालो, “बोलली.”

मग त्यानं विचारलं, “काय बोलनी?”

“ते आमचं आमच्यात हाये,” मी म्हणालो, आणि फोन ठेवून दिला.