कॅसेटची टिकली

साठच्या दशकातल्या एका विलायती बँडवर मी आणि कोपर गावातला माझा मित्र जीव टाकायचो. त्यातले दोन जिवलग गायक फालतू भांडणावरून वेगळे झाले, म्हणून आम्ही त्यांना मनसोक्त शिव्या घालायचो. ठाण्याहून भरून आणलेली त्यांची कॅसेट मी त्याला ऐकायला दिली, तर या गाढवाने तिच्यावर बहिणीच्या लग्नाची मंगलाष्टकं टेप केली!

"अरे, घाईत तीच हाताला लागली रे," म्हणाला. मी बोलणंच टाकलं.

पुढे ते गायक पुन्हा एकत्र गायले म्हणे. आमचं अजून बंदच आहे. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली तोडायची असते. ती तोडायला मीच विसरलेलो, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.