बुडालेल्या आरमाराचा घास

आर्णीजवळच्या तांड्यातला देवसिंग राठोड बरीच वर्षं मालवाहू जहाजावर फिटर होता. जपानच्या हाकाता बंदरात जहाज थांबलं, तेव्हा तो किनाऱ्यावरची जुनी दगडी भिंत पाहून आला. मंगोलांना अडवण्यासाठी ती बांधली होती. घोड्यावर वाढलेल्या मंगोलांना समुद्र ठाऊक नव्हता. त्यांनी कोरिया नमवला, चीन जिंकला आणि तिथल्याच सुतारांना, नावाड्यांना राबवून प्रचंड आरमार उभारलं. वादळात ते बुडालं. धरून आणलेले नावाडीही बुडाले.

नोकरी सोडून देवसिंग शेती करू लागला. दिवाळीत पूर्वजांच्या नावानं चुलीत घास टाकताना त्यानं एक जास्तीचा टाकला.

"हा कोणाचा?" आई बसंतीबाईनं विचारलं.

"समुद्रात बुडालेल्या नावाड्यांचा, याडी."

"ते आपले कोण?"

"आपले बापदादे बैलांवर धान्य लादून दुसऱ्यांच्या फौजेमागं चालत होते ना? तसेच ते."

"नावं सांग त्यांची."

"कोणालेच माहीत नाही."

बसंतीबाईनं त्या घासावर तूप ओतलं.

यंदा दिवाळीत देवसिंग तापानं निजून होता. तो घास तिनंच टाकला.