मोहाखालचा जाळ

चंद्रपुरात मी वर्षभर एका कंपनीत ड्रोनच्या फोटोंवर खुणा करायचं काम केलं. आमचे सर सांगायचे, सैन्याचा पुढचा पैसा नॅनो चिपमध्ये जाणार आहे. नखाहून लहान, वीज नावापुरती खाणारी. ती बसवली की ड्रोन कोणाला न विचारता जंगलावर उडता उडताच ठरवेल, खाली कोण आहे ते. तिला ते ठरवायला आम्ही शिकवत होतो.

मार्चमध्ये पहाटेचे फोटो आले. झाडाखाली जाळ आणि भोवती वाकलेली माणसं. मी जंगलातल्या एटापल्लीकडचा. मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, हे मला कोणी सांगायला नको. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोनच रकाने आहेत भाऊ. जनावर, नाहीतर संशयित."

मी संशयित दाबलं. सकाळभर दाबत राहिलो. काही वाटलं नाही.

दुपारी आईचा फोन आला. यंदा मोह लई गळून राह्यला, म्हणाली. मी विचारलं, "पाला न जाळता वेचता येत नाई का?"

"मंग फुलं दिसतीन कशी?" ती म्हणाली. "काऊन?"

"काही नाई," म्हटलं, आणि पुढचा फोटो उघडला.