टेपला वाहिलेल्या अक्षता

यवतमाळच्या सरकारी कापूस खरेदीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायची. कापसाचे दिवस वाईट होते, तरी हंगामात घाटंजी, कळंब, वणी अशा सगळ्या केंद्रांवरची मापं आमच्याच मशीनवर यायची. झालेला प्रत्येक बदल मशीन स्वतःच्या लॉग फाइलीत लिहून ठेवायचं आणि फाइली साठत जायच्या. संध्याकाळी त्या टेपवर उतरवायच्या, टेप वाचता येते का ते बघायचं, मगच डिस्कवरून पुसायच्या. डिस्क भरली की मशीन थांबणार, मशीन थांबलं की केंद्रांवरचे काटे थांबणार. साहेबांना यातलं काट्यांचं तेवढं कळायचं.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा व्हायची. वजनं, टाइपरायटर आणि आता कॉम्प्युटरही. मांडामांड मावशींकडे. मावशी म्हणजे आमच्या ऑफिसातल्या शिपाई, रोजंदारीवरच्या. दर हंगामाला त्यांचा कामाचा आदेश नव्याने निघायचा, आणि तो निघेपर्यंत त्या जाता-येता मला विचारायच्या, "निघाला का वो, म्याडम?"

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर टेप मशीनच्या ड्राइव्हमध्ये जाईना. रेटली तर अर्ध्यात अडकून कुरकुरली आणि बाहेर आली. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहराच सांगत होता.

"मावशी, याच्यात काय टाकलं?"

"काई नाई वो. चिमूटभर अक्षता. साऱ्यायची पूजा केली, मंग याले उपाशी कायले ठेवाव? तोंड तं याचंच होतं."

आज हसू येतं. तेव्हा मी भयंकर चिडले होते. शेतकऱ्यांची नावं चढवून चढवून डिस्क भरत आली होती, खरेदी तोंडावर होती आणि नागपूरच्या इंजिनिअरला सवड नव्हती.

साहेब म्हणाले, "पुसून टाका त्या फाइली. कोण बघते?"

"टेपवर गेल्याशिवाय पुसणार नाही," मी म्हटलं.

"मग कोणी बिघडवलं ते तरी लिहून द्या. रोजंदारीवाला असंन तर यंदा त्याचा आदेश नाही."

मावशी तिथेच चहाचे कप उचलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी मी ड्राइव्हचे स्क्रू काढले आणि पर्समधल्या भुवयांच्या चिमट्याने कुंकवाचे तांदूळ एकेक करून बाहेर काढले. मावशी दाराशी राखणीला बसल्या होत्या. स्पिरिटने आतलं पुसलं, टेप घातली. गेली. फाइली उतरल्या, वाचताही आल्या. मग साहेबांना सांगितलं, कापसाचे तंतू अडकले होते. कापसाच्या ऑफिसात कापसावर काहीही ढकलता येतं. साहेबांनी मान डोलावली आणि त्या आठवड्यात मावशींचा आदेश निघाला. त्यांनी जुन्या साडीचं एक झाकण शिवून आणलं आणि ड्राइव्हवर घातलं.

खरेदी सुरू झाली. मी कोऱ्या टेपा काढून तयार ठेवल्या होत्या. पण आमच्यापेक्षा भाव व्यापारी बरा देत होते, आणि शेतकऱ्यांच्या गाड्या आमच्या केंद्रांवरून सरळ खाजगी जिनिंग कारखान्यांकडे जात होत्या. संध्याकाळचं माझं काम चहा निवायच्या आत उरकू लागलं. डिस्कवर जागाच जागा होती. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी निवांत खरेदी मी पाहिली नव्हती.

एकदा मावशी झाडता झाडता स्क्रीनसमोर थांबल्या. "आज काय लिवलं यानं?"

"काहीच नाही."

"काल?"

"कालही नाही, मावशी."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "मंग पुढच्या साली मले कोन बलावते?"

मी कोऱ्या टेपांचा गठ्ठा परत कपाटात ठेवला. मावशींनी झाडू उचलला आणि राहिलेली खोली झाडून घेतली.