देवानं घेतलेला माणूस

"तुमले काय शिकाडनं? तुमना रगतमाच शे," सर अहिराणीत म्हणाले आणि सुरा माझ्या हातात कोंबला.

सर म्हणजे माझे गाईड. मी धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर पीएच.डी. करतोय. त्या दिवशी एका सिनियरचा व्हायवा झाला होता. व्हायवा झाला की परीक्षकांना मटण खाऊ घालायचं, हा आमच्या विभागाचा रिवाज. पंगत कळसाडीला, सरांच्या मळ्यात. कापायला आणलेला बोकड माझा. प्रयोगातला, कानात बिल्ला असलेला. त्याचं शेवटचं रक्त तपासायचं बाकी होतं. तो गेला की माझं सगळं काम पाण्यात.

"सर, हा प्रयोगातला आहे."

"काय दखी ऱ्हायना? काप."

परीक्षक हसले. एकानं सरांना टाळी दिली. सिनियर मान खाली घालून कांदे चिरत बसला.

हसणं नवं नव्हतं. लेंड्या तपासायला मलाच द्यायचे. म्हणायचे, ह्याला वास येत नाही, सवय आहे. मीही हसायचो. लाज वाटते आता त्या हसण्याची.

त्या दिवशी हसू आलंच नाही. मी पाण्याचा लोटा उचलला.

"आमच्यात असं कापत नाहीत, सर. आधी अंगावर पाणी शिंपडतात. जनावरानं अंग झटकलं तर देवानं घेतलं. नाही झटकलं तर सोडायचं."

शिंपडलं. बोकड ढिम्म. रवंथ करत माझ्याकडे बघत राहिला.

"नाटकं बंद कर," सर ओरडले. आता शुद्ध मराठीत. "तुमच्यासारख्या जंगल्यांना लॅबमध्ये घेतलं, हीच माझी चूक."

उरलेला लोटा मी त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. सर दचकले. मान, खांदे, हात, सगळं अंग झटकलं त्यांनी.

"देवानं घेतलं तुम्हाला, सर."

कोणी हसलं नाही. मी सुरा त्यांच्या पायाशी ठेवला आणि बोकड सोडून घेऊन आलो.

आता थिसिस तयार आहे आणि सर सही देत नाहीत. मित्र म्हणतात, पाय धर. नाहीतर गाईड बदल. पाय धरणार नाही. गाईडही बदलणार नाही. दुसऱ्या कुणाची सही मला नकोच. मला सूड हवाय, आणि तो ह्याच माणसाच्या हातून हवाय. तक्रार वरपर्यंत दिलीय. रोज सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहतो. ते नजर चुकवून आत जातात.

सही त्यांना करावीच लागेल. मग माझा व्हायवा होईल. परीक्षकांना रिवाजाप्रमाणे जेवण मीच देईन, डोंगरात, माझ्या आईच्या अंगणात. सरांनाही यावं लागेल. भाकर, उडदाची डाळ. बोकड खुंट्याला बांधलेला असेल, कानातल्या बिल्ल्यासकट.

त्याच्याशेजारी सरांना बसवीन. आणि सगळ्यांदेखत पाण्याचा लोटा त्यांच्यासमोर ठेवीन, काठोकाठ भरून. शिंपडणार नाही; नुसत्या लोट्यानं अंग झटकतात का, तेवढं बघीन.