लोकर पिंजायचं यंत्र

“हे पैसं परत द्यायचं असत्यात का?” अक्का आत आली की आधी हे विचारायची. चपला दाराबाहेर, पदर कपाळापर्यंत, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाही. परत द्यायचे आहेत म्हटलं की “मग ऱ्हाऊ द्या” म्हणून तांब्याभर पाणी प्यायची आणि जतची एसटी पकडायला निघायची.

विश्रामबागेतल्या आमच्या लहानशा कार्यालयात आम्ही बायकांना उद्योगासाठी अनुदान शोधून द्यायचो. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला नाही म्हणताना आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. अक्का जत तालुक्यातल्या धनगरवाडीची. मेंढरं कातरली की लोकरीला कुणी विचारत नाही, ती उकिरड्यावर जाते. अक्काला आणि तिच्या चार शेजारणींना लोकर पिंजायचं यंत्र हवं होतं. मग त्या आसनं, घोंगड्या करून विकणार होत्या.

पंचायतीच्या फळ्यावर लागलेल्या प्रत्येक पत्रकाचा फोटो काढून ती मला पाठवायची. एकदा मत्स्यपालनाचं आलं. वाडीत प्यायचं पाणी टँकरनं येतं, याची मी तिला आठवण करून दिली. ती शांतपणे म्हणाली, “त्ये मला बी कळतंय. साहेबास्नी इचारा, माशाच्या जागी मेंढरू चालंल का.” आमच्या कार्यालयाला ते हसायला आठवडाभर पुरलं.

शेवटी एका संस्थेचं अनुदान सापडलं. सगळी रक्कम, परतफेड नाही. अट एवढीच, की त्यांचा माणूस वाडीवर येऊन पाचही जणींना घरी भेटणार. दिवाळीआधी येतो म्हणाले आणि आले नाहीत.

तिथंच पंचाईत झाली. दिवाळी झाली की त्या भागातला चारा संपतो आणि कळप कृष्णाकाठाला निघतात. बायकापोरं सगळी बरोबर. घरांची कुलपं उघडतात ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर. अक्कानं चौघींना अडवून धरलं, त्यावरून त्यांच्या घरी भांडणं झाली. मेंढरं उपाशी राहायला लागली तेव्हा तिनंच त्यांना जा म्हटलं. त्यांच्या किल्ल्या ठेवून घेतल्या, नवऱ्याला कळपाबरोबर पाठवलं आणि आपण एकटी वाडीत राहिली. मला यातलं काही कळवलं नाही.

संस्थेचे साहेब अचानक आले, ऐन थंडीत. जीपमध्ये मीही होते. निघताना अक्काला फोन केला होता. पोचलो तर पाचही दारांपुढं सडा, पाचही घरांतून चुलीचा धूर. पहिल्या घरी अक्का भेटली. दुसऱ्या घरातली बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली होती. तिसरीची साडी निराळी होती, पण तिला धाप लागली होती. तिघींच्या पायाशी तेच एक कुत्रं शेपूट हलवत होतं. मला हसू येत होतं, म्हणून मी साहेबांकडं बघायचं टाळत होते.

चौथ्या दारात साहेब थांबले. कुत्र्याला आणखी दमवू नका, बाकीच्या कुठं आहेत ते सांगा, असं नरमाईनंच म्हणाले.

अक्कानं पदर मागं घेतला. “मेंढरामागं गेल्यात. खोटं मी बोलले, त्यास्नी ठावं बी न्हाई. माजं नाव काडा साहेब, त्यांचं ऱ्हाऊ द्या.”

मीही सांगितलं, की ही माणसं दरवर्षी अशीच जातात आणि याच घरांत परत येतात. साहेबांनी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, म्हणून पाचही नावं बाद.

त्या वाक्याचा मला राग आला, अजूनही येतो. पण खरं दुखलं ते पुढचं. चौघी परतल्या आणि अक्काशी बोलेनाशा झाल्या. हिनं सोंग केलं नसतं तर साहेब पुन्हा आले असते, असं त्यांचं म्हणणं. कदाचित आलेही असते. कुणास ठाऊक. अक्काचं येणं थांबलं, फोटो थांबले. पत्रकं मात्र निघतच होती.

यंदा होळीच्या सुमारास साताऱ्याला जाताना मलकापूरच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात कळप दिसला. मी गाडी थांबवली. पुरुष मेंढरं कातरत होते. चौघी चुलीपाशी बसल्या होत्या, मला बघून हसल्या. अक्का लांब, एकटीच, पडलेली लोकर गोळा करून पोत्यात दाबून भरत होती.

ही कोण घेणार, असं मी विचारलं.

“कोन न्हाई,” ती म्हणाली. “पन टाकवत न्हाई.”

एका नव्या योजनेचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडाकडं बघून मी ते गिळलं. पोत्याचं तोंड धरलं, तिनं सुतळी आवळली.

संध्याकाळी परतताना रान मोकळं होतं. कळप पुढच्या गावाला गेला होता. बिऱ्हाड लादायच्या घोड्यावर जागा झाली नसावी. तोंड बांधलेलं पोतं बांधाला टेकून तसंच उभं होतं.