रखमीची उत्तरेकडची भिंत

दिवाळीच्या सुट्टीत विनोदने घराची उत्तरेकडची भिंत पाडली, तेव्हापासून रखमीचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

वेवजीच्या पाड्यावरचं तिचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काड्या बांधून केलेल्या भिंतींचं. भात कापून झालं की दरवर्षी ती कुडाच्या फटी शेणमातीने लिंपायची, अंगण सारवायची, लाकडं वळचणीला रचायची. मग थंडी पडेना का कितीही! पण उंबरगावला कंपनीत कामाला लागलेल्या तिच्या पोराला, विनोदला, कूड नकोसा झाला होता.

"आये, किती वर्षं माती थापशील? पुढच्या रविवारी विटा येतील, पक्की भिंत बांधू," असं म्हणत त्याने सकाळी कूड उचकटला आणि दुपारी कामावर निघून गेला.

चार रविवार गेले, विटा काही आल्या नाहीत. फोन केला की विनोद म्हणे, "भट्टी आत्ताच लागलीय. थोडा दम धर."

भिंतीच्या जागी निळी ताडपत्री बांधलेली. वारा सुटला की ती फडफडायची आणि चुलीची राख घरभर व्हायची. एकदा तर शेळी आत शिरून नवऱ्याच्या, हाल्याच्या, गोधडीवर बसली. हाल्याला त्याचंही काही नव्हतं. तो रोज सकाळी अंगणात शेकत बसायचा आणि म्हणायचा, "येतील विटा. पोरगा खोटं बोलतो का?"

शेवटी थंडीने रखमीचे गुडघे धरले. एका सकाळी ती चिडूनच उठली. जुनीच कारवी बांधून कूड उभा करायचा, असं ठरवून घरामागे गेली, तर तिथे मूठभर काड्या उरलेल्या. तिने हाल्याच्या शेकोटीकडे पाहिलं.

"तू काय जाळतोस रे?"

"पडलीच होती ती," हाल्या म्हणाला. "वाळलेली. झटकन पेटते."

महिनाभर हा माणूस तिची भिंत जाळून शेकत होता! रखमी तडक निघाली. बहिणीकडे, चिमीकडे गेली आणि दोघींनी डोक्यावरून कारवीचे भारे आणले. हाल्याच्या हातात पहार देऊन तिने खड्डे खणून घेतले. तीन दिवस कूड बांधण्यात गेले, दोन लिंपण्यात. सहाव्या दिवशी तिने अंगण सारवलं आणि हात धुवायला बसली, तोच टेम्पोचा हॉर्न वाजला.

ओल्या सारवणावरून चाकं काढत टेम्पो थेट दारात. पुढे विनोद, हसत. "आणल्या की नाही विटा?" मग त्याला भिंत दिसली. "हे काय करून ठेवलंस? पाड ते. उद्या गवंडी येतोय."

"उन्हाळ्यात पाड," रखमी म्हणाली. "आता हात लावलास तर विटांसकट परत जाशील."

विनोद विटा उतरवून फुरंगटून न जेवताच गेला. दुसऱ्या दिवशी गवंडी खरंच आला, तेव्हा रखमीने त्याला भिंत बांधायला शेळ्यांचा गोठा दाखवला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि ओळंबा काढला. ती मात्र शेण कालवायला गेली, कारण अंगण आता पुन्हा सारवावं लागणार होतं.